सोशीक नायिका कशी घडवावी

मालिका लिहायला घेतलीत? अभिनंदन. शूटिंगसाठी घोडबंदर रोडला कुठेतरी बंगला भाड्याने मिळेल, फक्त आत जिना आहे ना ते बघून घ्या. जिना नसेल तर ऐन दिवाळीत नायिका घरंगळणार कुठून?

नायिका हुशार हवी, पण पहिल्या पंधरा भागांपुरती. कॉलेजात पहिली आलेली, वडिलांचं कर्ज फेडणारी, कोपऱ्यावरच्या टपोरीला सुनावणारी. प्रोमोत तिला स्कूटीवर बसवा, केस वाऱ्यावर उडू द्या. मग तिचं लग्न लावा. मेंदीपासून सत्यनारायणापर्यंत दोन आठवडे आरामात निघतात, वर रविवारचा महाएपिसोड. त्यानंतर तिच्या नोकरीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर स्कूटी सर्व्हिसिंगला दिली आहे.

आता खरी कसोटी. समजा, जाऊबाईंनी खिरीत मूठभर मीठ टाकलं आणि नायिकेने ते डोळ्यांनी पाहिलं. तुमच्याआमच्या घरातली बाई काय करेल? पातेलं मोरीत ओतेल, दुसरं दूध तापत ठेवेल आणि जाऊबाईंना विचारेल, ‘डोकं फिरलंय का हो तुमचं?’ तुमच्या नायिकेला हे अजिबात करू देऊ नका. तिने दाराच्या चौकटीला टेकावं, ओठ दाताखाली धरावा आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन गणपतीला सगळं सांगावं. गणपतीला ते ठाऊकच असतं, तो पहिल्या भागापासून सेटवर आहे. तिकडे पाहुणे खिरीचा पहिला चमचा तोंडात घालतात. तिच्या हातात मोबाइल असतो, त्यात कॅमेराही असतो, पण तो फक्त नवऱ्याचा ‘मला उशीर होईल’ हा मेसेज वाचण्यापुरता.

यामागचं गणित समजून घ्या, म्हणजे तुम्हाला अपराधी वाटणार नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरतं. तुम्हाला मात्र जाहिराती वगळून रोजची वीस-बावीस मिनिटं भरायची आहेत आणि आठवड्याला सहा भाग द्यायचे आहेत. नायिकेने सोमवारी तोंड उघडलं, तर मंगळवारपासून तुम्ही घरी. तिच्या सोशिकपणावर सबंध युनिटची चूल पेटते. एका गाजलेल्या मालिकेत नायिकेचं गरोदरपण इतकं लांबलं होतं की लोक व्हॉट्सअ‍ॅपवर बाळाच्या बारशाऐवजी मुंजीची चौकशी करायला लागले होते. लोक हसले, पण पाहत होते.

खलनायिकेवर मात्र हात आखडू नका. त्या घरात काम करणारी ती एकटीच. वकिलाचा नंबर तिला पाठ, तिजोरीची किल्ली कुठे असते ते तिला माहीत, गाडी ती स्वतः चालवते, खोटी सही ती करते. पुढचा बेत ठरवते आणि तो मोठ्याने बोलूनही दाखवते, म्हणजे मटार सोलता सोलता पाहणाऱ्यांचं काही निसटत नाही. तिला बिनबाह्यांचा ब्लाउज आणि गडद लिपस्टिक द्या. मुलींनाही बसल्या जागी कळतं की आयुष्यात काही ठरवून करायचं असेल तर आधी काजळ जाड लावावं लागतं.

पुरुषांना फार त्रास देऊ नका. नवरा मोठा उद्योगपती, कशाचा ते ठरवायची गरज नाही. तो फाइलवर सही करतो. शेकडो कोटींचा कारभार पाहतो, पण बायको आणि वहिनी यांच्यात खोटं कोण बोलतंय हे त्याला तीनशे भाग कळत नाही. त्याच्या आईसाठी कुणी म्हातारी शोधत बसू नका. मदर इंडियातले नर्गिस आणि सुनील दत्त हे मायलेक जून १९२९ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने जन्मले होते. केसांना थोडी पांढरी पावडर लावली की भागतं.

कुणी टीका केलीच, तर परंपरा दाखवा. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना राजा हरिश्चंद्रात तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. सीतेने किती सोसायचं हे रामाला कुणाला विचारावंच लागलं नसेल. इतकी सुटसुटीत सोय आपल्याकडे नाही, आपल्याला चॅनेलची मीटिंग घ्यावी लागते.

मात्र १९३७ च्या ‘कुंकू’ आणि १९८२ च्या ‘उंबरठा’ या सिनेमांचा विषय मीटिंगमध्ये काढू नका. पहिल्यातली नीरा म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून दिलेलं लग्न मानायलाच तयार नाही, दुसऱ्यातली सुलभा महाजन घरदार मागे ठेवून महिलाश्रम चालवायला निघून जाते. दोघीही एका बैठकीत आटपलेल्या बायका, मालिकेच्या कामाच्या नाहीत. तुमच्या हाती नीरा पडली असती तर दुसऱ्याच महिन्यात काकासाहेबांसाठी वडाला फेऱ्या मारत असती. आदर्श ठेवायचाच तर ‘चार दिवस सासूचे’चा ठेवा. नाव चार दिवसांचं, चालली २००१ पासून २०१३ पर्यंत, भाग तीन हजारांच्या वर. म्हणीतले सुनेचे चार दिवस काही नावात मावले नाहीत.

राहता राहिली प्रेक्षक. ती कोण हे मला चांगलं माहीत आहे, आमच्याच सोफ्यावर बसते. आई एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर होती. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्याला ती खिडकीतून असं काही सांगायची की पुढची अख्खी रांग नाणी मोजून हातात धरायची. रोज साडेसातला ती टीव्हीसमोर बसते, नायिकेवर डाफरते, ‘अगं बोल की, तोंडात काय गूळ धरलाय?’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. आज ती बोलेल, एवढ्याच आशेवर. ही आशा तुमचं भांडवल आहे, तिला धक्का लावू नका आणि ती पुरीही करू नका.

काल नायिकेवर भर पूजेत चोरीचा आळ आला. ढोल वाजला. कॅमेरा सासूवर, मग जावेवर, मग प्रसादाच्या वाटीवर. नायिका सावकाश वळायला लागली. जाहिरात लागली तशी आई उठली, कुकरखालचा गॅस बंद केला, बाबांची गोळी काढून ठेवली, कोशिंबिरीला फोडणी दिली आणि हात पुसत परत आली.

‘काय गं, बोलली का?’

‘नाही. अजून वळतेच आहे.’