टॉवेलच्या प्रेझेंटेशनमधला ‘कापलेला’ व्हिडिओ: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मालक,

तुमच्या टॉवेल कारखान्याचं पॉवरपॉइंट प्रेझेंटेशन आमच्या दुकानानं करून दिलं. त्यावर तुम्ही आम्हाला एक तारा देऊन लिहिलंत: ‘३,५०० रुपये घेतले. व्हिडिओतला नको तो भाग कापला म्हणून सांगितलं. हैदराबादच्या पार्टीसमोर तोच भाग उघडा पडला. नव्या सीझनचं डिझाईन आणि रेट, दोन्ही गेलं. एकच व्हिडिओ दोनदा टाकून फाईल फुगवली. आमचं डिझाईन दुसऱ्याला मिळावं म्हणून मुद्दाम ठेवलं असेल तर सिद्धेश्वर बघून घेईल.’

मी दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. रागात आहात, ते साहजिक आहे. तक्रार सगळ्यांसमोर केलीत, म्हणून उत्तरही इथंच देतो.

चूक आमची आहे. ‘कापला’ हा शब्द दुकानात आम्हीच तुम्हाला सांगितला आणि तिथूनच गडबड झाली. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओवर क्लिक करून वर प्लेबॅकमध्ये गेलं की ‘ट्रिम व्हिडिओ’ असं बटण असतं. ते दाबलं की एक खिडकी उघडते. खाली व्हिडिओची पट्टी, सुरुवातीला हिरवी खूण, शेवटी लाल खूण. या खुणा आत सरकवल्या की त्यांच्या मधला भाग तेवढा स्लाईड शोमध्ये चालतो. बाहेरचा भाग दिसत नाही, पण तो फाईलमधून जातही नाही. टॉवेलची कड आत दुमडून टीप मारली तर वरून टॉवेल आखूड दिसतो, पण टीप उसवली की कापड होतं तेवढंच निघतं. अगदी तसंच. तुमचा ३ मिनिटं १० सेकंदांचा अख्खा व्हिडिओ त्या फाईलमध्ये होता. पार्टीच्या ऑफिसातल्या मुलानं शो न चालवता फाईल एडिटला उघडली, ट्रिमच्या खिडकीत लाल खूण शेवटपर्यंत ओढली, आणि सॅम्पल रूममध्ये टांगलेले नवे टॉवेल अन् फोनवर रेट सांगणारा तुमचा आवाज समोर आला. त्यानं काही हॅक केलं नाही. एवढं ते सोपं आहे, आणि म्हणूनच आमची चूक मोठी आहे.

तो भाग खरोखर काढायला आणखी एक पायरी लागते. फाईल, मग इन्फो, तिथं ‘कॉम्प्रेस मीडिया’. त्यात १०८०पी, ७२०पी, ४८०पी असे दर्जे विचारतात. त्यातला एक निवडून कॉम्प्रेस केलं की फाईल हलकी होते आणि ट्रिम करून बाजूला ठेवलेला भागही पुसला जातो. ही पायरी आमच्याकडून झाली नाही. आम्ही ती नेहमी अगदी शेवटी करतो, कारण गिऱ्हाईक परत येऊन म्हणतं, ‘दोन सेकंद अजून ठेवा, माग थांबताना दिसू दे.’ एकदा कॉम्प्रेस करून फाईल सेव्ह करून बंद केली की त्या फाईलमधून ते दोन सेकंद परत येत नाहीत. तुमच्या वेळी हा शेवटचा टप्पाच राहून गेला. तुमचा मुलगा रात्रीच्या गाडीनं निघणार होता, पेनड्राईव्ह घेऊन उभा होता, हे खरं आहे. पण ते कारण मी पुढं करत नाही. फाईल हातात देण्याआधी एकदा उघडून बघायला एक मिनिट पुरलं असतं.

व्हिडिओ दोनदा टाकल्याबद्दल मात्र थोडं ऐका. ट्रिममध्ये फक्त पुढून आणि मागून कमी करता येतं, मधला तुकडा काढता येत नाही. तुम्हाला माग चालतानाचा भाग हवा होता आणि पॅकिंगचा हवा होता, त्यांच्या मधलं गोडाऊन आणि सॅम्पल रूम नको होतं. म्हणून तोच व्हिडिओ दोन वेळा ठेवला, एकाचं मागचं झाकलं, दुसऱ्याचं पुढचं. पॉवरपॉइंटच्या आत राहून करायचं तर हीच पद्धत आहे, त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. फाईल ४१० एमबीची झाली होती हे तुमचं बरोबर आहे. मोबाईलवर फोर-के मध्ये घेतलेला व्हिडिओ अख्खाच्या अख्खा आत बसला होता. कॉम्प्रेस केलं असतं तर हेही झालं नसतं.

मुद्दाम ठेवलं, हे मात्र मला मान्य नाही आणि ते मला लागलं. माझ्या वडिलांनी सोलापूरच्या साखर पेठेत २२ वर्षं मागावर काम केलं. जकार्डचं, म्हणजे मागावरच विणून निघणाऱ्या नक्षीचं, एक डिझाईन उभं करायला आलेख कागदावर चौकोन भरत किती रात्री जातात, मग त्या नक्षीप्रमाणे मागाला लावायचे पुठ्ठ्याचे पत्ते पंच करायचे, सॅम्पल काढायचं, रंग जमला नाही की पुन्हा सुरुवात, हे मी लहानपणी घरात बसून पाहिलंय. आता कॉम्प्युटरवर डिझाईन होतं, पण जीव तेवढाच लागतो. नवं डिझाईन बाजारात यायच्या आधी दुसऱ्याच्या मागावर चढलं तर त्या कारखान्यात काय होतं, तेही पाहिलंय. तुमची फाईल तुमच्या मुलाच्या पेनड्राईव्हशिवाय आणि तुमच्या ईमेलशिवाय कुठंही गेलेली नाही. पार्टीला रेट कळला तो कळला, ते मी परत आणू शकत नाही. याचं वाईट वाटतं, आणि मनापासून माफी मागतो.

तक्रार वाचल्यावर तुमची फाईल पुन्हा नीट तपासली, तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. ती तुम्ही लिहिलेली नाही, पण सांगणं भाग आहे. सातव्या स्लाईडवरच्या फोटोत भिंतीवरचा रेटचा तक्ता आम्ही क्रॉप केला होता. क्रॉपचंही ट्रिमसारखंच आहे, झाकलेला भाग फाईलमध्ये राहतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन क्रॉप केलेला भाग डिलीट करायची खूण करावी लागते, तीही राहिली होती. म्हणून हैदराबादच्या पार्टीला जुनी फाईल काढून टाकायला सांगा आणि नवीच पाठवा.

त्यानंतर गेल्या वर्षभरातल्या आमच्या सगळ्या फाईली उघडून बघितल्या. ११ फाईलींमध्ये असंच निघालं. त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले आणि फाईली दुरुस्त करून दिल्या. तुम्ही लिहिलं नसतं तर हे कळलंच नसतं.

दुकानात आता पद्धत बदलली आहे. व्हिडिओत रेट, पार्टीचं नाव, नवं डिझाईन, कुणाचा नंबर असं काही असेल तर तो आधी व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये कापायचा आणि उरलेला तुकडाच पॉवरपॉइंटमध्ये आणायचा. मूळ व्हिडिओ त्या फाईलमध्ये जाताच कामा नये. ट्रिम फक्त एखाद-दुसरा सेकंद पुढंमागं करायला. नंतर कॉम्प्रेस, मग फाईल बंद करून पुन्हा उघडायची आणि तपासायची.

तपासणी तुम्हालाही घरी करता येईल. व्हिडिओवर क्लिक करून ट्रिमची खिडकी उघडा. पट्टीत फक्त ठेवलेल्या भागाएवढीच वेळ दिसली पाहिजे आणि खुणा दोन्ही टोकांना असल्या पाहिजेत. त्याहून पक्की खात्री हवी असेल तर फाईलची एक कॉपी करा, नावातलं शेवटचं पीपीटीएक्स खोडून झिप लिहा आणि उघडा. आत पीपीटी नावाचा फोल्डर, त्यात मीडिया. फाईलमधले व्हिडिओ आणि फोटो तिथं सुटे पडलेले असतात. तिथला व्हिडिओ चालवून बघा, जे दिसेल तेच समोरच्याला मिळणार. दुसऱ्या कुणाकडून प्रेझेंटेशन करून घेतलंत तरी बाहेर पाठवण्याआधी एवढं बघत जा.

३,५०० रुपये परत करतोय. नवी फाईल तयार आहे, ३१ एमबीची, त्यात तुम्हाला हवे तेवढेच दोन तुकडे आहेत, फोटोही दुरुस्त केलाय. तिचे पैसे नाहीत. ही तक्रार काढून टाका असं मी म्हणणार नाही, ती तुमची आहे. नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, तुम्ही येऊ नका. तुमच्या सोयीची वेळ कळवा, मीच अक्कलकोट रोडला कारखान्यावर येतो. लॅपटॉप घेऊन येतो, तुमच्यासमोर ट्रिमची खिडकी आणि तो मीडिया फोल्डर दोन्ही उघडून दाखवतो, आणि मगच पेनड्राईव्ह हातात देतो.