खुलासा: ‘इन्फर’ आणि ‘इम्प्लाय’ एक नव्हेत

‘इन्फर म्हणजे सुचवणे, इम्प्लाय म्हणजेही तेच, परीक्षेत कुठलंही लिहा’ असा इंग्रजीतल्या या दोन शब्दांबद्दल (infer, imply) एक मेसेज फिरतोय. कृपया लिहू नका.

पाहुणे रात्री अकरापर्यंत हलत नाहीत. यजमान जांभई देत म्हणतात, “उद्या पहाटेची गाडी आहे.” यजमानांनी केलं ते इम्प्लाय: थेट न सांगता सुचवलं. पाहुण्यांनी ओळखून चपला घातल्या, ते इन्फर. (काही पाहुणे इन्फर करतच नाहीत, तो भाग वेगळा.) बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर.

इन्फरसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: अनुमान काढणे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग आहे, हे न्यायशास्त्रातलं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातलं, जुनं उदाहरण. मात्र ‘अंदाज बांधणे’ हा अर्थ मला सैल वाटतो. इन्फर करायला हाताशी काहीतरी पुरावा लागतो.

आता मेसेजच्या बाजूने एक गोष्ट. इन्फर ‘सुचवणे’च्या जवळच्या अर्थाने इंग्रज लेखक थॉमस मोर यांनी 1533 मध्येच वापरला होता आणि काही इंग्रजी कोश आजही तो अर्थ नोंदवतात. पण पेपर तपासणाऱ्यापुढे मोर यांची साक्ष चालेल, या भरवशावर राहू नका.