'बार'चा अडसर

इंग्रजी शब्दसाठा वाढवायला रोज वीस शब्द पाठ करा, हा एका लेखातला सल्ला आमच्या घरी चार दिवसही टिकला नाही. मुलगा दहावीला, म्हापशात. गेल्या पावसाळ्यात इंग्रजी पेपरात 'आग्वाद बार'मुळे मांडवीच्या मुखातून बोटींची ये-जा अवघड, असं वाचून म्हणतो, "बाबा, दारूच्या दुकानाला बोटी कशा अडतात?" गोव्यात वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार! तो बार म्हणजे नदीच्या तोंडाशी साचणारा वाळूचा बांध. मग शब्दकोश काढला. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, आडवा दांडा. थेट आपला दाराचा अडसर. कोर्टातला कठडा, गिऱ्हाईक आणि बाटल्यांमधलं आडवं फळकूट, साबणाची वडी, सगळं त्या एका दांड्यातून निघालेलं. हे त्याला पाठ करावं लागलं नाही. अर्थात प्रत्येक वेळी असा धागा सापडत नाही. वटवाघूळ या अर्थाचा 'बॅट' आणि क्रिकेटची बॅट यांचं मूळच वेगळं, तिथे ओढूनताणून नातं लावू नये. 'रन' या क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 600 हून अधिक अर्थ आहेत. तो आकडा मात्र मुलाला सांगितलेला नाही, परीक्षा जवळ आलीय.