खुर्ची वर जाते, माणूस नाही

माझ्या नाकासमोर साखळी लागली तेव्हा डोंगरावर नेणाऱ्या स्की लिफ्टच्या लटकत्या खुर्च्या चालूच होत्या. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण घरात या प्रकाराची जी हकीकत सांगितली जाते तिच्यात ‘यांना लिफ्ट बंद झालेली सापडली’ असं एक साळसूद वाक्य आहे. लिफ्ट बंद झाली नव्हती. एकामागून एक रिकाम्या खुर्च्या माझ्या डोळ्यांदेखत वर चालल्या होत्या. रिकामी खुर्ची दिसली की बसावंसं वाटणं हा काही आमच्या घराण्याचा खास दोष नाही, अख्ख्या महाराष्ट्राचं राजकारण त्यावर चालतं. पण इथं मला सत्ता नको होती, फक्त हॉटेलवर जायचं होतं.

थोडक्यात पार्श्वभूमी. आम्ही स्टुटगार्टचे. ताई आणि भाओजीही तिथलेच. या हिवाळ्यात भाओजींनी सगळ्यांना इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये नेलं आणि ‘सेलारोंडा’ करायचीच असा हुकूम काढला. सेला नावाच्या अवाढव्य कातळाभोवती स्कीवरून मारायची ही फेरी. गार्देना, काम्पोलोंगो, पोर्दोई आणि सेला या चार खिंडी, आणि त्यांच्यामधली चार खोरी. लिफ्टने चढायचं, पलीकडे घसरत उतरायचं, की पुन्हा लिफ्ट. लिफ्टचं अंतर धरून एकूण सुमारे ४० किलोमीटर. नारिंगी पाट्या धरल्या तर घड्याळाच्या दिशेने फेरी होते, हिरव्या धरल्या तर उलटी. भाओजींनी नारिंगी निवडली, कारण ‘प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत’.

एवढं धर्मशास्त्र पाळणाऱ्या माणसाने नियमावलीतली दुसरी ओळही वाचायला हवी होती. सकाळी १० च्या आत निघा आणि दुपारी साडेतीनच्या आत शेवटची खिंड ओलांडा, असं तिथं सगळीकडे बजावलेलं असतं. भाओजी निघाले वेळेत. पण मग कोर्वारा गावात पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आली, पोलेंटेवर मशरूम आले, आणि मशरूम आले म्हणजे भाओजींची मुंजीपासूनची सगळी जेवणं आठवणं आलं. नंतर मार्मोलाडा दिसला. ३३४३ मीटर उंच, डोलोमाइट्समधला सगळ्यात मोठा. त्याच्यासमोर त्यांचा फोटो काढला. टोपी घालून काढला. टोपी काढून काढला. अरब्बाला लिफ्टची रांग एवढी होती की रांगेतल्या एका पोलिश बाईशी ताईची ओळख झाली, घट्ट झाली आणि तिच्या सुनेपर्यंत पोचली.

एकमेकांना जोडलेले स्की प्रदेश ही कल्पनाच मुळात संशयास्पद आहे असं माझं मत झालंय. नकाशात सगळं एका सलग रेषेने जोडलेलं असतं. तो नकाशा म्हणजे चित्रकाराने रंगवलेलं चित्र. प्रत्येक उतार दिसावा म्हणून तो डोंगर वळवतो, वाकवतो, गरज पडली तर शेजारच्या डोंगराला थोडं बाजूला सरकवतो. उत्तर कुठे हे विचारायचं नसतं. आणि जिथं चित्रात रेषा आहे तिथं प्रत्यक्षात एक सपाट पट्टा असतो. अशा पट्ट्यावर स्की चालत नाहीत, काठ्यांनी स्वतःला ढकलत न्यावं लागतं. मागून एक सहा वर्षांची मुलगी येते आणि एका झटक्यात पुढे निघून जाते. किंवा मधे रस्ता येतो. मग स्की काढा, खांद्यावर घ्या, आणि ज्यांत घोटा वाकतच नाही असले बूट घालून डांबरावरून टाचा आपटत चाला. बाराशे किलोमीटरच्या उतारांचा पास विकतात, पण या ढकलाढकलीचे किलोमीटर त्यात धरलेत का, हे कुणी सांगत नाही.

तर पोर्दोई खिंडीखाली. भाओजी आणि भाचा पुढे होते. भाचा जर्मन शाळेतला, त्याला भीती नावाची गोष्ट अजून शिकवलेली नाही. भाओजींना ती कधीच शिकता आली नाही. ते दोघं खुर्चीत बसून वर जाताना मला दिसले. भाओजींनी हातसुद्धा केला. मी आणि ताई तिथं पोचलो आणि साखळी लागली.

साखळी लावणारा साठीचा असावा. लोकरी टोपी, हातात फावडं. साखळी लावून तो आमच्याकडे पाठ करून बर्फ सपाट करायला लागला.

“बंद,” तो तोडक्या जर्मनमध्ये म्हणाला.

“चालू आहे की,” मी म्हणालो.

त्याने वळून खुर्च्यांकडे पाहिलं. विचार केला. “चालू आहे,” त्याने मान्य केलं. “आणि बंद आहे.”

“मग या खुर्च्या वर कशाला चालल्यात?”

“चालल्या नाहीत. फिरतायत.”

ताईने मला कोपराने बाजूला केलं. बँकेत आणि रेशन दुकानात तिचा जो आवाज लागतो तो तिने काढला. “हे बघा, आम्ही दोघंच आहोत. खुर्ची सहा जणांची आहे. चार जागा तुम्हाला परत.”

त्याने फावडं बर्फात उभं रोवलं आणि बोट वर केलं. दहा-बारा खुर्च्या पुढे एका खुर्चीला लाल पाटी लटकत होती. “ती शेवटची. ती वर पोचली की वरचा माणूस बटण दाबतो. तिच्यामागे कुणी बसलेलं असेल तर तो रात्रभर लटकणार.”

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता, आणि म्हणूनच मला तो माणूस त्या क्षणी अधिकच असह्य झाला.

“मग वर फोन करून सांगा, मागे दोघं आहेत म्हणून,” मी म्हणालो.

“मग ती शेवटची खुर्ची शेवटची राहणार नाही.”

“मग ती पाटी आमच्या खुर्चीला लावा,” ताई म्हणाली.

हे त्याला नवीन होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. माझ्या आशा पल्लवित झाल्या. शेवटी तो खिन्नपणे म्हणाला, “पाटी तर वर गेली.”

मग, माणूस मुळात वाईट नसावा, त्याने चौकशी सुरू केली. कुठले? भारत. भारत मोठा आहे हे त्याला माहीत होतं, त्याला ते नको होतं. “कुठल्या खोऱ्यातले?”

पुणे, मी म्हणालो. पुणे हे शहर, खोरं कुठलं? त्याच्या हिशेबात माणूस खोऱ्याशिवाय जन्मालाच येऊ शकत नव्हता. तेव्हा मी मुठे खोऱ्याचं नाव घेतलं. वडिलांकडून आम्ही खरोखरच तिकडचे, पण ते सातबाऱ्यावर, एका बर्फाळ डोंगरात सिद्ध करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. शेजारी कुठली खोरी? सांगितली. पवन मावळ, आंदर मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ. एकूण बारा म्हणतात.

“बारा!” तो पहिल्यांदाच हसला. त्यांच्या स्की पासातही बारा विभाग आहेत. “एकमेकांना लिफ्टने जोडलेत?”

“द्रुतगती मार्ग आहे. खंडाळ्यात अडकतो.”

त्याने समजूतदारपणे मान हलवली. त्याच्या मते जोडलेल्या गोष्टी अडकायच्याच. मग मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं आणि म्हणालो, पंधरा मिनिटं झाली, आम्हाला फक्त पलीकडे जायचंय हो.

इथं मात्र त्याचा चेहरा बदलला. “पलीकडे?” तो म्हणाला. “आम्हालाही जायचंय.”

मग जे निघालं ते असं. हे खोरं लादिन भाषेचं. १९१८ पर्यंत ऑस्ट्रियात, टायरोलमध्ये. समोरचा तो कोल दी लाना डोंगर दिसतोय ना, त्याचं टोक एप्रिल १९१६ मध्ये इटालियन सैन्याने खालून सुरुंग लावून उडवलं. याचे पणजोबा त्या वेळी दुसऱ्या बाजूने लढत होते. युद्ध संपलं, सगळंच इटलीत आलं, आणि १९२३ मध्ये फॅसिस्टांनी हे खोरं उचलून बेल्लुनो प्रांताला जोडलं. खिंडीपलीकडचे लादिन दुसऱ्या प्रांतांत. पलीकडच्यांना स्वायत्तता, शाळेत स्वतःची भाषा, खिशात पैसे. म्हणून २००७ साली अरब्बाच्या या गावाने, आणि शेजारच्या कोल्ले सांता लुचिया आणि कोर्तिनाने, सार्वमत घेतलं: आम्हाला पलीकडे जायचंय. बहुमताने.

“आणि?” ताई म्हणाली.

“आणि काय,” तो म्हणाला. “इथंच उभे आहोत. तुम्हाला पंधरा मिनिटं झाली म्हणता.”

यावर गप्प बसायला हवं होतं. पण आमचं आजोळ बेळगाव. ताईने स्की काढून बर्फात खोचल्या, हातमोजे काढले, आणि त्याला सांगायला बसली. १ नोव्हेंबर १९५६ पासून. मामा अजून दरवर्षी त्या तारखेला काळी फीत लावून मोर्च्याला जातो हे सांगितलं, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून खटला पडून आहे हे सांगितलं. तिच्या जर्मनमध्ये ‘महाजन आयोग’ कसा बसला देव जाणे, पण बसला. तो माणूस फावड्यावर रेलून ऐकत होता. मधेच हं म्हणत होता. एकदा तर त्याने टोपी काढली. “याला मामाचा नंबर देऊन टाक,” ताई मला मराठीत म्हणाली, “दोघांचं जन्मभर पुरेल.”

खटल्याच्या तपशिलात मला यावेळी रस नव्हता. मी खुर्च्यांकडे बघत होतो. एकाएकी त्या थांबल्या. वर लाल पाटी पोचली असावी. साध्या हिशेबाची गोष्ट आहे: आम्ही आलो तेव्हा त्या माणसाने मुकाट्याने बसवून वर एक फोन केला असता, तर आम्ही केव्हाच खिंडीवर असतो. जेवढा वेळ नियम समजावण्यात गेला त्याहून कमी वेळ आम्हाला वर पोचायला लागला असता. सहानुभूती पूर्ण, साखळी जागच्या जागी. हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण थंडीने माझी बोटं बधिर झाली होती आणि त्यावर चिंतन करायची इच्छा नव्हती.

मग त्यानेच टॅक्सीसाठी फोन केला. लादिनमध्ये. टॅक्सी मागवायला दोन वाक्यं पुरतात. हा खूप वेळ बोलला. मधूनमधून ‘इंडिया’ ऐकू येत होतं, एकदा स्पष्ट ‘बेलगाम’ ऐकू आलं. ताई समाधानाने मान डोलवत होती. मला भाडं किती ते ऐकायचं होतं, आणि नेमकं तेवढंच त्या संभाषणात नसावं.

टॅक्सी आली. ड्रायव्हरने काच खाली केली, आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ विचारलं:

“१९५६?”

“हो,” ताई म्हणाली.

त्याने जीभ टाळूला लावून चक् केलं आणि डिकी उघडली.

अरब्बाहून पोर्दोई खिंडीवर चढणाऱ्या या रस्त्याला ३३ वळणं आहेत. प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी असते म्हणतात. आमच्या वाट्याला त्यातली किती आली ते मी सांगू शकत नाही, कारण ड्रायव्हर एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने ताईला प्रश्न विचारत होता आणि मी डोळे मिटले होते. खिंडीवर त्याने वेग कमी केला. सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं स्मारक आहे म्हणाला. माणूस स्वतःच्या पायांनी हा घाट चढायचा म्हणून त्याचं स्मारक, आणि आम्ही पास काढूनही तो चढू शकलो नाही म्हणून टॅक्सी. मग उतार, मग सेला खिंडीचा दुसरा घाट, मग पुन्हा उतार. सगळी प्रदक्षिणा डांबरावरून पूर्ण झाली. मीटरचा आकडा बघितला तेव्हा ताईनेही पहिल्यांदा सीमाप्रश्न बाजूला ठेवला.

वाटेत भाओजींचा फोन आला. “अरे, आहात कुठे तुम्ही? आम्ही सॉनात जाऊन आलोसुद्धा. लिफ्ट बंद झालेली दिसतेय.”

“बंद नव्हती,” मी म्हणालो. “फिरत होती.”

“म्हणजे?”

समजावून सांगायचा प्रयत्न केला. लाल पाटी, शेवटची खुर्ची, वरचा माणूस, बटण. भाओजी शांतपणे ऐकून म्हणाले, “बरोबरच आहे त्याचं.” याच माणसाने मशरूम परत मागवले होते. हे मी बोललो नाही. ताई बोलली, आणि आमच्या हॉटेलचं गाव सेल्व्हा येईपर्यंत बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर सहलीचा हिशेब आला. हॉटेल चौघांत, पास चौघांत, पोलेंटासुद्धा चौघांत. टॅक्सी मात्र फक्त माझ्या आणि ताईच्या नावावर, आणि शेजारच्या रकान्यात भाओजींनी लिहिलंय: ‘स्थलदर्शन, ऐच्छिक’. मी अजून पैसे दिलेले नाहीत. ताईने हिशेबाचा फोटो मामाला पाठवलाय आणि मामाने एकाच शब्दात उत्तर दिलंय, “निषेध.”