‘साबुदाण्यावर ताव’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

सोमवारच्या उपासावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “शिवामुठीचा क्रम चुकलाय. साबुदाण्यावर ताव मारायचा आणि त्याला शंकराची भक्ती म्हणायचं! मधुमेह असलेल्या बायकांचा तरी विचार करा. जरा वाचन वाढवा, ताई.”

क्रम चुकला, मान्य. शिवामूठ म्हणजे श्रावणातल्या सोमवारी शंकराला वाहायची मूठभर धान्याची मूठ : पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव. मी तीळ तिसऱ्या सोमवारी घातले होते. दुरुस्त केलं, आभार.

पण ‘ताव’? हा शब्द कुणाला लावलात? लेख माझ्या आईवर होता. दिवसभर कोरा चहा, दुपारी जमलंच तर मूठभर वरीचा भात. वरी आमच्याच डोंगरउतारावर, वरकस जमिनीत नाचणीच्या शेजारी पिकायची. थंडीत उकडलेली कणगी, म्हणजे रताळ्यासारखा कंद. तिन्हीसांजेला आंघोळ करून, देवाला बेल वाहून, मग वरणभातावर सोमवार सोडायचा. साबुदाणा दुकानातून विकत आणावा लागे, म्हणून तो महाशिवरात्रीलाच घरात दिसायचा.

श्रावणात ती कुणकेश्वरला, समुद्रकाठच्या शंकराच्या देवळात, चालत जायची. समुद्र खवळलेला, वाऱ्याने छत्री उलटी होतेय, आणि पदराखाली शिवामुठीची पुरचुंडी कोरडी ठेवलेली. वडिलांची होडी तेव्हा किनाऱ्यावर ओढलेली असे. नारळी पौर्णिमा होऊन ती पाण्यात जाईपर्यंत घरात पैसा येत नसे. त्या दिवसांत डब्यातले तांदूळ मोजून त्यातली मूठ देवाला काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला वाचन वाढवून कळेल असं मला वाटत नाही.

आणि वाचनाचं म्हणाल, तर आईची नजर अधू झाल्यावर श्रावणातल्या कहाण्या मीच तिला वाचून दाखवायचे. खुलभर दुधाची कहाणी तिला दर सोमवारी हवी असे. राजाच्या हुकमाने गावाचं सगळं दूध ओतूनही गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी घरच्या मुलाबाळांना जेवू घातलं, गाईवासरांना चारा दिला, मग उरलेलं खुलभर दूध वाहिलं, आणि गाभारा भरला. तिथे आई दर वेळी डोळे पुसायची. ही भक्ती तुम्हाला ताटातल्या साबुदाण्यावरून मोजायची आहे?

मधुमेहाचं ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं, माझ्या लेखाचा तो विषय नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुन्हा जरूर लिहा, पण आधी तो ‘ताव’ मागे घ्या.