ॲडमिनने उत्तर कोणाला द्यायचं?

ऑनलाइन गट चालवणाऱ्याच्या जबाबदारीवर भारतात वाद होतो तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर ॲडमिनला आरोपी करायचं का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये त्यावर चांगला निकाल दिला. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसत नसेल, तर व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्याच्या मजकुरासाठी जबाबदार धरता येणार नाही. हा निकाल मला पूर्ण पटतो. पण जर्मनीत राहून विकेंद्रित समाजमाध्यमांवर वावरताना वाटतं, की आपण अर्धाच प्रश्न विचारतोय. ॲडमिन पोलिसांना काय उत्तर देणार, याची चर्चा होते. ज्याला त्याने गटाबाहेर काढलं, त्याला काय उत्तर देणार, याची होत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं आणि रागावलेले अनेक भारतीय मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच, पण विकेंद्रित समाजमाध्यमावर गेले. तिथे कोणी एक मालक नाही. वेगवेगळे सर्व्हर, प्रत्येकाचे आपले नियम, पटलं नाही तर दुसरीकडे जा. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात सर्व्हर बदलला की फॉलोअर सोबत नेता येतात, पण जुन्या पोस्ट मागेच राहतात. ॲडमिनने दुसरा एखादा सर्व्हर ब्लॉक केला, तर तिथल्या ओळखी तुटतात, मग तुमचा त्या भांडणाशी संबंध असो वा नसो. कारवाईविरुद्ध अपील करायची सोय २०२२ पासून आहे. मात्र ते अपील जातं त्याच सर्व्हरच्या मॉडरेटरांकडे, म्हणजे मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्यांकडे. निकाल देणाऱ्याकडेच त्या निकालावर दाद मागायची! ‘जा की दुसरीकडे’ हे उत्तर मला म्हणूनच पुरेसं वाटत नाही. निघून जाण्याची किंमत सदस्यच भरतो, ॲडमिन नाही.

कायदा ही फट बुजवेल, अशी आशा दोन्हीकडे आहे. समाजमाध्यम कंपन्यांच्या निर्णयांविरुद्ध दाद मागता यावी म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तक्रार अपील समित्या नेमल्या. त्यांचे सदस्यही सरकारच ठरवतं, त्यामुळे दाद मागायला पुन्हा सरकारच्याच दारात उभं राहावं लागतं. युरोपचा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. मजकूर काढला किंवा खातं बंद केलं, तर कारण कळवा, असं तो सांगतो. पण अंतर्गत अपीलव्यवस्थेच्या सक्तीतून लहान उद्योगांना सूट देतो. ती सूट योग्यच आहे. नोकरी सांभाळून रात्री सर्व्हर चालवणाऱ्यावर मोठ्या कंपनीइतकी कागदपत्रं लादली, तर तो सर्व्हर बंद करेल. म्हणजे लहान समूहांना आपली व्यवस्था आपणच लावावी लागणार.

ती लावता येते, याचा पुरावा जर्मन विकिपीडियावर आहे. मतदानाचा हक्क असलेल्या २५ सदस्यांनी महिन्याभरात मागणी केली, तर प्रचालकाला, म्हणजे तिथल्या ॲडमिनला, पुन्हा निवडणुकीला उभं राहावं लागतं. काम आवडीचं असो, फुकट असो, अधिकार मात्र उसना आहे, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलंय. इंग्रजी विकिपीडियाने प्रचालकांना असं परत बोलावण्याची पद्धत २०२४ मध्ये स्वीकारली, त्याआधी वर्षानुवर्षं वाद घालून.

अशी पद्धत नसली की काय होतं, ते क्रोएशियन विकिपीडियाने दाखवलं. कट्टर राष्ट्रवादी प्रचालकांच्या एका गटाने सुमारे दशकभर तो ताब्यात ठेवला आणि विरोध करणाऱ्यांना बाहेर काढलं. विकिपीडियामागच्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेचा त्यावरचा अहवाल २०२१ मध्ये आला. ते प्रचालकही स्वयंसेवकच होते, त्यांनाही कोणी पगार देत नव्हतं.

हे लिहिताना मला स्वयंसेवकांची खरोखर काळजी वाटते. द्वेषाचे, हिंसेचे फोटो हीच माणसं आधी बघतात, म्हणून ते आपल्यापर्यंत येत नाहीत. शिव्या खातात, कधी सर्व्हरचं बिलही खिशातून भरतात. त्यांच्या प्रत्येक निर्णयावर खटला चालवायचा, असं मी म्हणत नाही. उलट, निर्णयाचं कारण लिहिलेलं असलं आणि अपील दुसऱ्या कोणाकडे जात असलं, तर शिव्यांचा भार एकट्यावर येत नाही. लेमी या विकेंद्रित चर्चामंचावर मॉडरेटरच्या कारवायांची नोंद सगळ्यांना बघता येते. सोशल-कोऑप हा मॅस्टोडॉन सर्व्हर तर सदस्यांची सहकारी संस्था म्हणून चालतो, नियम मतदानाने ठरतात. नोंद उघडी ठेवताना मात्र छळ झालेल्या व्यक्तीची ओळख झाकलीच पाहिजे. त्यात तडजोड नको.

खरी अडचण मराठीसारख्या लहान समूहांची आहे. जिथे रोज लिहिणारेच मोजके, तिथे २५ सह्या कुठून आणणार? मतदान घेतलं तरी सगळे एकमेकांचे मित्र किंवा वैरी. अशा ठिकाणी मला एकच व्यवहार्य वाट दिसते: दोन-तीन समूहांनी एकमेकांची अपिलं ऐकायची. मराठी समूहाचं अपील कन्नड किंवा गुजराती समूहातल्या दोघा-तिघांनी बघायचं, त्यांचं आपल्याकडे यायचं. भाषेची अडचण येईल, उपरोध आणि टोमणे भाषांतरात हरवतील, म्हणून आपल्यातला एक जण सोबत बसवावा लागेल, पण त्याला मत नसावं. मॉडरेटरची मुदत वर्षाची ठेवावी आणि पुढच्या मुदतीसाठी त्याने सदस्यांसमोर पुन्हा यावं. हे सगळं वाद पेटायच्या आधी लिहून ठेवायला हवं, कारण पेटल्यावर कुठलाही नियम कोणाच्या तरी विरोधातच केल्यासारखा दिसतो.