दहा हजारांचा हिशेब

पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत 10,000 एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे किती करंट किती तास) छापलेलं असतं. तिच्या पोटात खरोखर किती जातं हे मोजायला मी बसलो की घरात लगेच दोन तट पडतात. एका तटाला तिच्यावर फोन चार्ज करायचा असतो. दुसऱ्यालाही तेच करायचं असतं.

मोजणीची पहिली अट म्हणजे उपास. पॉवर बँक स्वतःहून बंद पडेपर्यंत रिकामी करायची आणि तासभर थंड होऊ द्यायची. मग चार्जरची केबल आणि पॉवर बँक यांच्यामध्ये यूएसबी मीटर, म्हणजे जाणारा करंट मोजून बेरीज ठेवणारी डबी, खोचायचा आणि जुनं रीडिंग शून्य करायचं. हे शून्य करणं विसरलं की दहा हजारांची बँक चौदा हजार गिळते आणि आपण उगाच कौतुक करत बसतो.

आकड्यांची खरी भानगड पुढेच आहे. ते दहा हजार आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टला मोजलेले असतात, म्हणजे ऊर्जा 37 वॉट-अवर (10 अँपिअर-अवर गुणिले 3.7 व्होल्ट). मीटर बसतो 5 व्होल्टच्या वाटेवर. आतल्या सर्किटने वाटेत दहा टक्के खाल्ले असं धरलं, तर सुमारे 41 वॉट-अवर आत जातात आणि मीटर 8,200 एमएएच दाखवतो. त्याच बँकेला 9 व्होल्टचा फास्ट चार्जर लावा, आकडा 4,600 च्या आसपास येतो. बँक तीच, भूकही तीच, बदललं फक्त माप. म्हणून एमएएच वहीत लिहायचेच असतील तर शेजारी व्होल्ट लिहा. नाहीतर सरळ वॉट-अवर लिहा. मी तर एमएएचवरून वाद घालणाऱ्याला आधी 'किती व्होल्टला?' एवढंच विचारतो. बहुतेक वाद तिथेच निवर्ततात.

शेवटचा टप्पा अंत पाहणारा. सेल 4.2 व्होल्टला पोचला की बँकेतलं सर्किट व्होल्टेज तिथेच धरून ठेवतं आणि करंट उतरत जातो, अगदी निघतो-निघतो म्हणत उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. चार दिवे लागले म्हणून केबल काढू नका. मीटरवरचा करंट शून्याला टेकू द्या. स्वस्त मीटर उलटाही घोळ घालतो: काहीच जात नसताना 0.03 अँपिअर दाखवतो. सहा तासांत हे फुकटचे 180 एमएएच जमा होतात. आधी मोकळा मीटर बघून घ्यावा.

यूएसबी मीटर नसेल तर मल्टिमीटर आहे, पण तो जपून वापरायचा. केबलमधली लाल वायर तोडून तो मध्ये जोडायचा, प्रोब 10 अँपिअरच्या भोकात. प्रोब आणि मीटर मिळून 0.1 ओहम जरी झाले तरी 2 अँपिअरला 0.2 व्होल्ट तिथेच गळतात आणि चार्जिंग रेंगाळतं. त्यात प्रोब त्याच भोकात ठेवून कुणी 'जरा व्होल्टेज बघू' म्हणून ती दोन्ही टोकांना लावली, की शॉर्ट सर्किट. फ्यूज असला तर तो जातो; नसला तर मीटर.

एवढं करून कळतं ते फक्त आत गेलेलं. बाहेर येणारं मोजायला मीटर दुसऱ्या बाजूला लावून बँक पुन्हा पूर्ण रिकामी करायची. 41 वॉट-अवर घेतलेली बँक 33 परत देते. उरलेले आठ शोधायला मीटर लागत नाही, भरताना आणि रिकामी होताना बँकेवर हात ठेवला की सापडतात. दोन्ही तटांचे फोन मात्र उद्यावर.